टेम्प्लेट क्लासला तुलना-फंक्शन दिल्यावर लिंकर अडतो

प्रश्न
सी++मध्ये मी क्रमवार यादी ठेवणारा टेम्प्लेट क्लास (नोंदींचा टाइप वापरताना ठरवता येतो असा क्लास) लिहिला असून, दोन नोंदींपैकी आधी कोणती हे सांगणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर (पत्ता) त्याच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या फंक्शनला) देतो. क्लासची घोषणा हेडरमध्ये, त्याची सदस्य-फंक्शन्स एका सीपीपी फाइलमध्ये आणि तुलना-फंक्शन दुसऱ्या सीपीपी फाइलमध्ये आहे. सगळ्या फाइली विनातक्रार कंपाइल होतात, पण लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली एकत्र जोडताना, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या (व्याख्या सापडत नसल्याच्या) दोन ओळी येतात. पॉइंटर देताना काही वेगळे लिहावे लागते का?

उत्तर १
पॉइंटरला उगाच दोष देऊ नका; त्या दोन ओळींत कोणती नावे आहेत ते आधी वाचा. एका ओळीत क्लासचा कन्स्ट्रक्टर असेल, तर कारण असे : टेम्प्लेटवरून प्रत्यक्ष कोड तयार होण्यासाठी तो कोणत्या टाइपसाठी हवा हे आणि त्याची व्याख्या, या दोन्ही गोष्टी कंपायलरला एकाच वेळी दिसाव्या लागतात. क्लास वापरणाऱ्या मुख्य फाइलमध्ये मागणी दिसते पण व्याख्या नाही, आणि सीपीपीमध्ये व्याख्या दिसते पण मागणी नाही, त्यामुळे कोड कुठेच तयार होत नाही. व्याख्या हेडरमध्ये हलवा. सीपीपीच्या शेवटी विशिष्ट टाइपसाठी स्पष्ट इन्स्टॅन्शिएशन (त्या टाइपचा कोड इथेच तयार करण्याची सूचना) लिहूनही भागते. मात्र तुलनेचा टाइप हाच टेम्प्लेटचा पॅरामीटर असेल आणि तिथे लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेले निनावी फंक्शन) देणार असाल, तर प्रत्येक लॅम्डाचा टाइप वेगळा असल्याने तो मार्ग बंद होतो. (अशा विभागणीसाठी १९९८च्या मानकात ‘एक्स्पोर्ट’ होते, पण बहुतेक कंपायलरांनी ते कधी आणलेच नाही आणि २०११मध्ये ते काढून टाकले गेले.)

प्रश्नकर्ता
कन्स्ट्रक्टरची ओळ गेली. तुलना-फंक्शनची ओळ मात्र तशीच आहे, आणि त्याची फाइल लिंकमध्ये नक्की समाविष्ट आहे.

उत्तर २
मग घोषणा आणि व्याख्या एकाखाली एक ठेवून अक्षरशः जुळवून पाहा. घोषणेत दोन्ही पॅरामीटर ‘कॉन्स्ट’ रेफरन्स असतील आणि व्याख्येत एकाचा ‘कॉन्स्ट’ सुटला असेल, तर कंपायलर त्याला चूक न मानता त्याच नावाचे वेगळे फंक्शन (ओव्हरलोड) मानतो. पॅरामीटरांचे टाइप लिंकरकडे जाणाऱ्या नावातच गुंफलेले असल्यामुळे ती दोन नावे कधीच जुळत नाहीत. ऑब्जेक्ट फाइलवर (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलवर) ‘एनएम’ हे साधन ‘सी’ या कॅपिटल पर्यायासह चालवलेत, तर फाइलमध्ये खरोखर काय आहे ते वाचता येण्याजोग्या रूपात दिसेल. जीसीसी या कंपायलरचा ‘मिसिंग डिक्लरेशन्स’ हा इशाराही चालू ठेवा. आधी घोषणा नसलेली व्याख्या तो लगेच दाखवतो. आणि कंटाळून तुलना-फंक्शनच हेडरमध्ये टाकणार असाल, तर ‘इनलाइन’ विसरू नका. एकच व्याख्या अनेक फाइलींत येऊ देण्याची टेम्प्लेटला मिळणारी सवलत साध्या फंक्शनला नाही, त्यामुळे हेडर दोन फाइलींत आला की ‘मल्टिपल डेफिनिशन’ येईल.

प्रश्नकर्ता
दुसऱ्या पॅरामीटरचा ‘कॉन्स्ट’ सुटला होता. तो घातल्यावर लिंक झाले.