बाल्टिकचं पाणी हिरवं होतं, जाब कुणाला विचारायचा?

हेलसिंकीकर: जुलैत लेकीला पोहायला नेलं, तर पाण्यावर पिस्त्याच्या लेपासारखी हिरवी साय. तशीच परत आणली, वाटभर रडत होती. या समुद्राला नऊ देशांचा किनारा. कोण कुणाला विचारतं?

सांडपाणीवाला: विचारतात. बाल्टिकचं प्रदूषण रोखण्यासाठीचा १९७४ चा हेलसिंकी करार बघा. शीतयुद्ध चालू असताना दोन्ही गटांतल्या सात देशांनी सह्या केल्या, मला हे आजही फार मोठं वाटतं. साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया, पाण्यात वाढणारे, कधीकधी विषारी असणारे निळे-हिरवे जिवाणू. शेतातलं खत आणि सांडपाण्यातला फॉस्फरस हे त्यांचं खाद्य. सेंट पीटर्सबर्गचं नैऋत्य शुद्धीकरण केंद्र २००५ मध्ये सुरू झालं, त्यात फिनलंड-स्वीडननेही पैसे घातले. घाण शेजाऱ्याची, पण समुद्र आपलाही!

हेलसिंकीकर: मग अजून हिरवं का?

सांडपाणीवाला: डेन्मार्कजवळची तोंडं अरुंद, सगळं पाणी बदलायला साधारण ३० वर्षं लागतात. शिवाय तळाच्या गाळातला जुना फॉस्फरस ऑक्सिजन संपला की पुन्हा वर येतो. त्यात युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२२ मध्ये, या कराराखालच्या रशियासोबतच्या बैठका थांबल्या. याचं फार वाईट वाटतं.

तुर्कूची ताई: लेकीला नेण्याआधी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन तासभर ठेव. हिरवे कण वर तरंगले तर पोहायचं नाही. कुत्रा असेल तर त्यालाही ते पाणी पिऊ देऊ नकोस.