मदत हवी आहे: एमसीव्ही (लाल रक्तपेशींचा सरासरी आकार) नॉर्मल, तरी बी-१२ ची कमतरता?

नमस्कार मंडळी, एमबीबीएसच्या सीनियर आणि मेडिसिनवाल्यांना विचारायचं आहे.

सध्या मेडिसिनची पोस्टिंग चालू आहे. वॉर्डात एक शाकाहारी काकू आहेत, मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू. तळपायाला मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला तर कंपनं जाणवत नाहीत. पण एमसीव्ही ८८! फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी, आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारांतला फरक) वाढलेला, स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पाहिलेल्या रक्तात) सहा पाळ्यांचे न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). म्हणजे लोहाच्या कमतरतेने पेशी लहान, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या, आणि सरासरी नॉर्मल, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

सीरम बी-१२ आलं २४०, म्हणजे अधलंमधलं. मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढतं ते) तपासलं तर उलगडा होईल, पण ती सोय आमच्याकडे नाही. होमोसिस्टीन फोलेटच्या कमतरतेतही वाढतं, मग नुसत्या त्यावर किती भिस्त ठेवायची? की लक्षणं बघून थेट इंजेक्शन सुरू करतात? तोल जातोय म्हटल्यावर थांबणं मला तरी धोक्याचं वाटतं.

नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं पण मज्जारज्जूचं नुकसान चालूच राहतं, हे माहीत आहे. पण मुंग्या मधुमेहाच्या की बी-१२ च्या, हे तपासणीत कसं ओळखता? प्लांटर (तळवा खरवडल्यावरची अंगठ्याची हालचाल) आणि अँकल जर्क (घोट्यामागे हातोडी मारल्यावरचा पायाचा झटका) नेमके कसे मिळतात, ते प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी जरूर सांगा.