शब्दचर्चा : खेळातला ‘बॉस’ म्हणजे राक्षस, राखणदार की यंत्रासुर?

प्रश्न

इड सॉफ्टवेअरच्या ‘डूम’ (१९९३) या संगणकावरील खेळाविषयी मी मराठीत एक दीर्घ लेख लिहीत आहे आणि त्यातील सायबरडीमन या शत्रूच्या वर्णनापाशी अडलो आहे. खेळाच्या दुसऱ्या भागात, मंगळाच्या डीमॉस या चंद्रावरचे सात टप्पे पार केल्यावर, आठव्या टप्प्यात हा मनोऱ्यापाशी उभा असतो. डोक्याला शिंगे, बोकडासारखे पाय आणि त्यांतला एक यंत्राचा, एका हाताच्या जागी रॉकेट डागणारी तोफ आणि पोटाच्या जागी उघडी पडलेली आतडी, असे त्याचे रूप आहे. टप्प्याच्या अखेरीस हरवाव्या लागणाऱ्या अशा मुख्य शत्रूला इंग्रजी लेखक सरळ ‘मॉन्स्टर बॉस’ म्हणतात. मी ‘राक्षसी बॉस’ असे लिहून पाहिले, परंतु ते वाचताना रजेचा अर्ज नामंजूर करणारे कार्यालयातील वरिष्ठच डोळ्यांसमोर येतात. ‘बॉस’ या शब्दाला मराठी पर्याय शोधावा की तो तसाच ठेवावा, आणि ‘डीमन’ला राक्षस, दैत्य, असुर, सैतान यांपैकी काय म्हणावे, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

आपल्या प्रश्नात दोन वेगळे शब्द एकत्र आले आहेत आणि अडचण तिथेच आहे, असे मला वाटते. ‘बॉस’ हे पद आहे. ‘राक्षस’ ही जात आहे.

याचा पुरावा ‘डूम’मध्येच सापडतो. पहिल्या भागाच्या शेवटच्या टप्प्यात बॅरन ऑफ हेल या नावाचे दोन शत्रू समोर येतात आणि तेथे तेच बॉस असतात. त्या काळी पहिला भाग विनामूल्य वाटला जात असल्यामुळे ज्यांनी तेवढाच खेळला, त्यांच्या लेखी बॅरन म्हणजे बॉस हे समीकरण पक्के झाले. पुढच्या भागांत मात्र हाच बॅरन वाटेवरच्या इतर शत्रूंप्रमाणे कुठेही भेटतो. त्याचे रूप तेच राहते, त्याची १००० गुणांची सहनशक्तीही तीच राहते. केवळ त्याचे पद गेलेले असते. सायबरडीमनचेही तसेच झाले. ‘डूम २’मध्ये (१९९४) तो आठव्या टप्प्यातच एका दालनात उभा आढळतो, आणि विसाव्या टप्प्यात तर त्याला पहिल्या ‘डूम’च्या तिसऱ्या भागाचा बॉस असलेल्या स्पायडर मास्टरमाइंडशी झुंजवून आपण बाजूला उभे राहू शकतो.

याच्या उलट उदाहरण ‘डूम २’च्या अखेरीस आहे. तेथील बॉस म्हणजे भिंतीवरचे एक प्रचंड शिंगाळ मुंडके असून ते जागचे हलत नाही. त्याच्या कपाळातील छिद्रातून रॉकेट आत घालावे लागते आणि आत लपलेले खरे लक्ष्य म्हणजे खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन रोमेरो यांचे शिर आहे! याला बॉस म्हणता येते, राक्षस म्हणता येत नाही. म्हणून ‘मॉन्स्टर बॉस’साठी एकच शब्द शोधू नये, एक शब्द पदासाठी आणि एक देहासाठी असावा.

‘बॉस’ हा शब्द इंग्रजीतही उसनाच आहे. डच भाषेतील ‘बास’, म्हणजे धनी किंवा मालक, हा शब्द अमेरिकेतील डच वसाहतींतून तिकडच्या इंग्रजीत आला. जपानी खेळाडूंनी तो घेतला आणि त्याच्या आरंभी आपला ‘चू’, म्हणजे मधला, जोडून ‘चूबोसु’ असा मधल्या टप्प्यावरच्या बॉससाठी शब्द केला. मराठीत तर मित्राला ‘काय बॉस’ म्हणून हाक मारण्याइतका हा शब्द रुळलेला आहे. माझे मत असे की ‘बॉस’ ठेवावा, मात्र त्याला ‘राक्षसी’ हे विशेषण लावू नये. ‘राक्षसी’ची आणखी एक पंचाईत अशी की ते स्त्रीलिंगी नामही आहे, आणि बहुमत, महत्त्वाकांक्षा, हाव यांच्यामागे लागून त्याचा मूळ देहवाचक अर्थ बराच झिजला आहे.

प्रतिसाद

वरील मांडणी पटली, तरी पदासाठी मराठीत शब्दच नाही असे मानू नये. बॉसचे काम काय, ते पाहावे. एका टप्प्याची हद्द संपते तेथे तो उभा असतो आणि त्याला हरवल्यावाचून पुढचा प्रदेश खुला होत नाही. पीएलएटीओ या संगणकजाळ्यावरील १९७५ च्या ‘डीएनडी’ या खेळात सोनेरी ड्रॅगन एका गोलकाचे रक्षण करीत असे आणि खेळांतील पहिल्या बॉसचा मान बहुधा त्यालाच दिला जातो. म्हणजे आरंभापासून ही भूमिका पहारेकऱ्याची आहे. कोकणात आणि गोव्यात गावाच्या सीमेवर जो असतो, त्याला आपण ‘राखणदार’ म्हणतो. तोच शब्द येथे घ्यावा.

यात एक सुंदर योगायोगही आहे. रामायणाच्या उत्तरकांडात अशी कथा आहे की ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केल्यावर त्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्माण केले. त्यांतील जे ‘रक्षामः’, आम्ही रक्षण करतो, असे म्हणाले, ते राक्षस झाले. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते हा प्रश्न वेगळा. परंतु परंपरेच्या लेखी राक्षस हा मुळात राखणदारच होता, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

प्रतिसाद

मी मालवणकडचा आहे आणि ‘राखणदार’ला माझा विरोध आहे. आमच्याकडे राखणदार हा आपल्या बाजूचा असतो. त्याला राखण देतात, गाऱ्हाणे घालतात, रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत पोचवतो अशी श्रद्धा आहे. सायबरडीमनवर ४० पेक्षा अधिक रॉकेटे झाडायची आणि त्याला राखणदार म्हणायचे, हे माझ्या कानाला सहन होत नाही. शब्दाचा कोशातील अर्थ जुळला तरी त्याच्याभोवतीचा भाव जुळत नसेल, तर तो शब्द वापरू नये. ‘वेशीवरचा शत्रू’ असे वर्णन एखाद्या वाक्यात करावे, पण पदाचे नाव ‘बॉस’च राहू द्यावे.

मूळ प्रश्नकर्ता

मालवणचा आक्षेप मला मान्य आहे, ‘बॉस’ ठेवतो. आता ‘डीमन’चे काय करावे?

प्रतिसाद

‘डूम’मधला नरक ख्रिस्ती कल्पनेतला आहे, म्हणून प्रथम मराठी बायबलकडे पाहावे असे मला वाटले. तेथे ‘सैतान’ हा एकच असून त्याच्या हाताखालील अशुद्ध आत्म्यांना ‘भुते’ म्हटले आहे; येशू भुते काढतो, असाच तेथील प्रयोग आहे. त्या ग्रंथात तो शब्द चपखल बसतो, कारण तेथील भुते माणसाच्या अंगात शिरतात. सायबरडीमन कोणाच्या अंगात शिरत नाही. तो दिसण्यापूर्वी त्याच्या लोखंडी पावलाचा आवाज ऐकू येतो, आणि पाय जमिनीला न लागणाऱ्या आपल्या भुताशी त्याचे काहीच नाते नाही. ‘सायबरभूत’ म्हटल्यास वाचक हसेल. ‘सैतान’ म्हटल्यास नरकाचा अधिपतीच आला असे वाटेल, आणि सायबरडीमन तर पहिल्या ‘डूम’चा शेवटचा बॉसही नाही.

दैत्य आणि दानव या शब्दांत कुळ आहे: दितीचे पुत्र ते दैत्य आणि दनूचे ते दानव. रोजच्या मराठीत हा भेद कोणी पाळत नाही, म्हणून तो अडथळा मानायचे कारण नाही. तरीही मी ‘असुर’ निवडेन, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की ग्रीक ‘डायमोन’ हा शब्द मुळात वाईट नव्हता. देवता किंवा अदृश्य शक्ती असा त्याचा अर्थ होता आणि ख्रिस्ती लेखनात तो दुष्ट शक्तींसाठी रूढ झाला. ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही असुर म्हटले आहे आणि पुढे तोच शब्द देवांच्या शत्रूंना लागला. दोन्ही शब्दांचा प्रवास सारखा आहे. दुसरे आणि अधिक व्यावहारिक कारण असे की ‘असुर’ मराठीत समासाच्या शेवटी सहज बसतो. महिषासुर, भस्मासुर, बकासुर ही नावे प्रत्येकाच्या कानावर आहेत, आणि महागाईचा भस्मासुर म्हणताना आपण पुराणाची आठवणही काढत नाही.

‘सायबर’चा उगम ज्या ग्रीक शब्दात आहे, त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपला कर्णधार. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये त्यावरून ‘सायबरनेटिक्स’ या शास्त्राचे नाव बेतले आणि १९६० मध्ये ‘सायबॉर्ग’, म्हणजे यंत्र जोडलेला सजीव, हा शब्द आला. पण ‘कर्णधारासुर’ करण्यात अर्थ नाही, कारण येथे अभिप्रेत आहे ते देहात मिसळलेले यंत्र. रोबोला आपण यंत्रमानव म्हणतो. त्याच न्यायाने हा यंत्रासुर. महिषासुर जसा अर्धा रेडा, तसा हा अर्धा यंत्र, हे शब्दातच दिसते.

प्रतिसाद

एक सूचना करतो. झारखंडात असुर नावाचा आदिवासी समाज आहे आणि तो महिषासुराला आपला पूर्वज मानतो. त्यामुळे ‘यंत्रासुर’ हे एका पात्राचे नाव म्हणून ठीक असले, तरी लेखात ‘असुरांची कत्तल केली’ अशी सरसकट वाक्ये टाळावीत. इतर शत्रूंसाठी ‘दैत्य’ पुरेसा आहे.

लेखनाविषयी दोन गोष्टी. ‘असुर’ तत्सम असल्याने ‘सु’ ऱ्हस्वच लिहावा, यंत्रासूर नव्हे. आणि त्याच्या आकारासाठी ‘अजस्त्र’ लिहिणार असाल, तर शुद्ध रूप ‘अजस्र’ असे आहे, त्यात ‘त’ नाही. संस्कृतात या शब्दाचा अर्थ अखंड, न थांबणारा असा आहे. प्रचंड हा अर्थ मराठीने दिला. सायबरडीमनला दोन्ही अर्थ लागू पडतात, कारण त्याची सहनशक्ती ४००० आहे, तो एका दमात तीन रॉकेटे सोडतो आणि जवळपास झालेल्या स्फोटाने त्याला काहीही होत नाही. रॉकेट थेट अंगावरच बसावे लागते. ‘अक्राळविक्राळ’ मात्र त्याच्या दर्शनासाठी राखून ठेवावा. तो शब्द रूपाचा आहे, आकाराचा नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. पहिले वाक्य असे केले आहे: ‘दुसऱ्या भागाचा बॉस म्हणजे सायबरडीमन हा अक्राळविक्राळ यंत्रासुर असून, मागील टप्प्यांच्या नकाशावर हळूहळू उभारला जाताना दिसलेल्या मनोऱ्यापाशी तो आपली वाट पाहत असतो.’ मूळ नाव एकदा देऊन पुढे सर्वत्र यंत्रासुर वापरेन. तिसऱ्या भागातल्या स्पायडर मास्टरमाइंडला ‘महाकोळी’ म्हणावे का?

प्रतिसाद

कृपया म्हणू नये. ‘महाकोळी’ वाचताच कोळीवाड्यातला एखादा बलदंड नाखवा आठवेल. ‘अष्टपाद’ही चालणार नाही, कारण त्या यंत्राला पाय चारच आहेत. ते खरे पाहता चालत्या यंत्रावर बसवलेला एक अवाढव्य मेंदू आहे, त्यामुळे मूळ नाव देवनागरीत ठेवून पुढे ‘चार लोखंडी पायांवर चालणारा मेंदू’ असे वर्णन करावे.