प्रतिसाद: सील बदलूनही हौसिंग गळतंय?

धुळ्याच्या भाऊंनी लिहिलंय की शोरूमने पिकअपचं पिनियन सील (इंजिनकडून येणारा फिरता दांडा मागच्या अ‍ॅक्सलला जोडतो तिथलं सील) दोनदा बदललं, तरी हौसिंगमधून (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यातून) ऑइल गळतंच. भाऊ, तिसरं सील टाकण्याआधी हौसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी) बघा. रावेर-सावद्याकडे केळी भरायला गाडी मळ्यात उतरते, चिखल ब्रीदरमध्ये वाळून बसतो. मग ऑइल तापलं की आतली हवा फुगते, वाट मिळत नाही, आणि सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, पूर्ण बदला. भरताना ऑइल हौसिंगवरच्या लेव्हल बोल्टच्या (ऑइलची पातळी बघायच्या बोल्टच्या) भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच. 'थोडं जास्त टाकतो' म्हणणारे मेकॅनिक गळती वाढवून ठेवतात.

ब्रीदर साफ असूनही गळतं, त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांनाही तेच, आणि ऑइल ब्रेक ड्रमपर्यंत पोचतंय? मग हा सुरक्षेचा, म्हणजे रिकॉलचा (सदोष गाड्या कंपनीने परत बोलावण्याचा) विषय. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम ११०-अ आलं. त्याचे १ एप्रिल २०२१ पासूनचे नियम ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहेत. जॉबकार्डवर (शोरूममधल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) मात्र दरवेळी 'ऑइल गळती' असंच लिहायला लावा, 'जनरल चेकअप' नको.