मदत हवी आहे: सड्यावरच्या दगडाखालचं तापमान कसं मोजू?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमच्या गावचा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, आहे. पावसाळ्यात फुलांनी भरतो, पण मला काळजी आहे ती एप्रिल-मेची. दुपारी कातळावर पाय ठेववत नाही, आणि तिथल्याच सुट्या दगडांखाली पाली, विंचू, गोमी तग धरून असतात. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही छोटी पट्टेरी पाल तर मुळात कोकणच्या सड्यांवरचीच. मोबाइलवर दिसतो तो आकडा सावलीतल्या, जमिनीपासून बऱ्याच वरच्या हवेचा. दगडाखाली ती पाल काय सोसते हे त्यावरून कसं कळणार?

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरून पाहिला. तो फक्त पृष्ठभाग मोजतो, आणि दगड उचलला की खालचा गारवा नि ओल उडून जाते. दगड पुन्हा तसाच बसेल याचीही खात्री नाही, म्हणून उचलणं मी थांबवलंय.

तापमान नोंदवणारे छोटे लॉगर कुणी असे दगडाखाली ठेवलेत का? पातळ आणि जाड दगड वेगळे धरायचे का? उघड्यावरच्या लॉगरला थेट ऊन लागून आकडा चुकू नये म्हणून काय करता? बांधकामासाठी सुटे दगड भराभर उचलले जाताहेत, त्यामुळे मार्चच्या आत सुरुवात करायची आहे.