नऊ लाखांचं ईआरपी आधी घ्यावं, की आधी स्टोअर मोजावं? (रबाळे एमआयडीसी)

रबाळे_स्टोअर:

नमस्कार मंडळी. रबाळेला आमचा कारखाना आहे, सगळी मिळून ४२ माणसं. डेअरी आणि फार्माला लागणारे स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह आणि फिटिंग बनवतो. खरेदी गेली ११ वर्षं माझ्याकडे आहे.

गेल्या तीन महिन्यांत सात ऑर्डरी उशिरा गेल्या. त्यातल्या एकाही ऑर्डरीला मशीन आडवं आलं नाही, माणूसही कमी पडला नाही. दर वेळी एखादीच वस्तू नव्हती. मार्चमध्ये ६ लाख ८० हजारांचा माल पॅकिंग टेबलावर १९ दिवस पडून राहिला, कारण ३८ एमएम बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या १६ सीट रिंगा (व्हॉल्व्ह गळू नये म्हणून आत बसणाऱ्या रबरी रिंगा) कमी होत्या. रिंग इटलीहून येते, आम्हाला साधारण साडेतीनशे रुपयांना पडते. पार्टीचा फोन आला की मला घाम फुटायचा.

मालकांनी ईआरपीचा, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेमो पाहिला. कोटेशन ९ लाखांचं, वर्षाचा मेंटेनन्स वेगळा. सोमवारपर्यंत माझं मत मागितलंय. अडचण अशी की २०१९ मध्ये एक सॉफ्टवेअर घेऊन झालंय. चार महिन्यांत एंट्र्या बंद पडल्या आणि दोष आला स्टोअरच्या मामांवर. मला तो अजून पटलेला नाही. माल घेणार तेच, देणार तेच, एंट्री करणारही तेच, आणि रात्रपाळीला स्टोअर उघडं. एकट्या माणसाने किती करायचं?

मामा दिवाळीनंतर रिटायर होतायत. कुठल्या रॅकमागे कुठला बॉक्स आहे, कोणता सप्लायर सांगितलेल्या तारखेपेक्षा किती दिवस उशीर करतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. ते सॉफ्टवेअरमध्ये कसं उतरवायचं, ही माझी खरी चिंता आहे. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

महापे_प्रेसशॉप:

घेऊन टाका. सॉफ्टवेअर आलं की शिस्त आपोआप लागते. आमच्याकडे लागली.

वागळे_जुना_प्लॅनर:

महापेवाल्या दादांकडे लागली असेल, पण रबाळ्यात एकदा आपोआप लागलेली नाही, हे विसरून चालणार नाही.

वागळे इस्टेटमध्ये मी ३१ वर्षं प्लॅनिंग केलं. एमआयडीसीची ही पहिली वसाहत, १९६२ ची. तिथे कार्डेक्सच्या हाताने लिहायच्या कार्डांपासून संगणकापर्यंत सगळं हातून गेलं. एक सांगतो, सोमवारच्या आत करा. सगळं स्टोअर मोजायला जाऊ नका. ६० आयटम निवडा: २० महागडे, २० रोज लागणारे, २० बाहेरून येणारे. बिन कार्डावरचा, म्हणजे रॅकवरच्या शिलकीच्या कार्डावरचा, आकडा मोजणाऱ्याला दाखवू नका, नाहीतर तो आकडा जुळवूनच देतो. मोजून झाल्यावर कार्डाशी ताडून बघा. ६० पैकी ५५ जुळले तर सॉफ्टवेअर बिनधास्त घ्या. ३० जुळले तर ९ लाखांत तुम्हाला चुकीचा आकडा फक्त जास्त वेगाने मिळेल.

आणि रात्री स्टोअरला कुलूप लावा. रात्रपाळीला काय लागणार ते संध्याकाळी सहाला ट्रेमध्ये काढून सुपरवायझरची सही घ्या. नटबोल्ट, वॉशर मात्र मोजत बसू नका. दोन डबे ठेवा, एक रिकामा झाला की मागवायचं, तोवर दुसऱ्यावर काम चालतं.

आता थोडं कडू. तुमचं पॉलिशिंग, बफिंग बाहेर होत असणार. त्या माणसाला पैसे किती दिवसांनी देता? तुम्ही ९० दिवसांनी देत असाल तर तुमचं काम तो सगळ्यात शेवटी हातात घेणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. २००६ चा एमएसएमई कायदा लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ देत नाही, करार नसेल तर १५ दिवस. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च प्राप्तिकरात धरता येत नाही. मालकांना ही बाजू सीएकडून ऐकवा, लगेच पटेल. प्लॅनिंग म्हणजे फक्त आपल्या भिंतीच्या आतलं नसतं. बफिंगवाल्याचा पगारदिवस हासुद्धा तुमच्या प्लॅनिंगचा भाग आहे.

उरण_क्लिअरिंग:

दादा, मी ९ वर्षं न्हावाशेवा बंदरात क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवायचं, काम करते. तुमच्या सीट रिंगांबद्दल एवढंच विचारते: पुन्हा ऑर्डर कधी द्यायची हा आकडा तुम्ही कुठल्या साली ठरवला होता? विचारते कारण २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. इटलीकडून येणाऱ्या मालाला त्यामुळे बरेच दिवस जास्त लागायला लागले. आमच्या कित्येक लहान पार्ट्या मात्र अजून आधीच्याच दिवसांवर माल मागवतात आणि मग आम्हाला विचारतात, ताई, कुठे अडकला?

दुसरं म्हणजे तुमचा माल पूर्ण कंटेनर भरून नक्कीच येत नसेल. दोन-चार खोकी इतरांच्या मालाबरोबर, म्हणजे एलसीएलने येत असणार. कंटेनरला आरएफआयडी टॅग असतो. लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या साइटवर नंबर टाकला की तो कुठे आहे ते दिसतं. २०१६ मध्ये याची सुरुवात आपल्याच बंदरातून झाली. पण त्यावर कंटेनर सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला, पोहोचला एवढंच कळतं. तो उघडून तुमची खोकी बाहेर काढायला पुढे आणखी दिवस जातात आणि ते कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाहीत. म्हणून मागच्या १० कन्साइनमेंटची फाइल काढा. पैसे पाठवल्याची तारीख, बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजात चढल्याच्या पावतीची) तारीख, जहाज लागल्याची, आऊट ऑफ चार्जची (कस्टम्सने माल सोडल्याची), तुमच्या गेटवर आल्याची, अशा पाच तारखा कागदावर एकाखाली एक मांडा. सरासरीकडे बघू नका. सगळ्यात वाईट खेप किती दिवसांची होती ते बघा, सुरक्षित साठा त्यावरून ठरतो.

आणि बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा अर्ज, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं, २०२१ पासूनचा नियम आहे. उशिराचा दंड बसतो. सप्लायरकडून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट माल निघाल्या दिवशीच ईमेलवर मागवत जा. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

कोपरखैरणे_बीओएम:

मी ईआरपी बसवण्याचंच काम करतो, तरी सांगतो, आत्ता घेऊ नका. सहा महिन्यांनी घ्या.

आधी आयटमची नावं लावा. एकच वस्तू मामांच्या वहीत 'सीट ३८', खरेदीत '३८ एमएम ईपीडीएम' आणि शॉपमध्ये 'दीड इंची काळी' असणार. तिन्ही नावं सिस्टिममध्ये गेली की तीन वेगळे स्टॉक तयार होतात: एक उणे, एक शून्य आणि एक कुणालाच न दिसणारा. रबराच्या मालात याचा धोका मोठा आहे. ईपीडीएम रबर काळं आणि व्हायटॉन हे दुसरं रबरही काळं असू शकतं. ईपीडीएम वाफेला, पाण्याला, सीआयपीच्या (लाइन न उघडता आतून धुण्याच्या) कॉस्टिकला उत्तम, पण तेल-तुपात फुगतं. एका ठिकाणी तुपाच्या लाइनीत चुकून ईपीडीएम गेलं, महिन्याभरात व्हॉल्व्ह फिरेनासे झाले. कोडमध्ये माप, रबर, सप्लायर हे तिन्ही येऊ द्या आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

मग तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या १० व्हॉल्व्हचं बीओएम, म्हणजे एका व्हॉल्व्हला कुठला भाग किती लागतो त्याची यादी, करा, ड्रॉइंगवरून नाही, प्रत्यक्ष उघडून. मामांना शेजारी बसवा. त्यांना टाइप करायला लावू नका, ते बोलतील, एखाद्या ट्रेनी मुलाने लिहायचं. हे एक्सेलमध्ये तयार झालं की कुठलंही सॉफ्टवेअर महिन्याभरात बसतं.

रबाळे_स्टोअर:

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले आठ दिवस हेच केलं.

६० आयटम मोजले, जुळले २७. उरलेल्या ३३ पैकी १४ आयटमचा माल दिघ्याला बफिंगवाल्याकडे होता आणि माल पाठवल्याचं चलान आमच्या ड्रॉवरमध्ये. ९ ठिकाणी रात्रपाळीने नोंद न करता माल घेतलेला, ६ ठिकाणी एकाच वस्तूची दोन नावं. चार आयटमचा पत्ता अजून लागलेला नाही. मामांना सगळ्यात वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मोजलंत ते बरं केलंत, मला एकट्याला कुणी मोजूच दिलं नाही कधी."

सीट रिंगांच्या ११ खेपांच्या तारखा मांडल्या. लवकरात लवकर ४६ दिवस, सरासरी ५८, सगळ्यात वाईट ८३. आठवड्याला ४० रिंगा लागतात. म्हणजे वाईट खेपेला जवळपास ४७५ रिंगा हाताशी हव्यात, आणि आम्ही २४० वर आल्यावर ऑर्डर देत होतो. तो २४० चा आकडा २०२० चा निघाला, उरणच्या ताईंनी बरोबर ओळखलं. वरच्या २३५ रिंगांचे ८२ हजार होतात. मालकांसमोर ८२ हजार आणि मार्चमधले ६ लाख ८० हजार असे दोनच आकडे ठेवले. त्यांनी रिंगांची ऑर्डर त्याच दिवशी सोडली आणि ईआरपी पुढच्या वर्षावर ढकललं.

मामा रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच बोलतात, आमची ट्रेनी मुलगी लिहून घेते. सहा व्हॉल्व्हचं बीओएम झालं. सप्लायरांच्या सवयींसाठी तिने वेगळी वही केली आहे. रात्रीचा ट्रे सुरू झालाय. पहिल्या दोन रात्री सुपरवायझरने कुरकुर केली, आता सही करतो.

बफिंगवाल्याचे पैसे ७२ दिवस थकले होते. शनिवारी त्याच्याकडे पडलेला आमचा माल मोजायला दिघ्याला जातोय, चेक बरोबर घेऊन.