आधी हातोडी, मग रंग

जुनी गंजलेली गाडी दुरुस्त करताना काही जण सुचवतात की गंज पॉलिश पेपरने घासा आणि थेट प्राइमर (रंगाआधीचा थर) मारा. पत्र्यावरच्या वरवरच्या गंजाला चालेल, पण चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, हा उपाय नको. चासीचे पोकळ भाग आतून कुजतात. चिखल-पाणी आत साचून राहतं, बाहेरून मात्र सगळं धडधाकट दिसतं. छोटी हातोडी घेऊन इंच इंच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला आणि पापुद्रे गळाले तर तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. माझा आरपार गेला होता, तोही मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे पाटा चासीला जोडलेला असतो तिथेच! कुजलेला तुकडा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही.

आणि हो, कॅबचा (चालकाच्या केबिनचा) खालचा पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या तात्पुरत्या वेल्ड करून घ्या. नाहीतर चौकट वाकते आणि दार काही केल्या बसत नाही. (हे मला दार लावताना कळलं.) वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. जाम बोल्टांना तेल मारून रात्रभर तसेच सोडा. घाईने पान्याला जोर दिलात की बोल्टचं मुंडकं तुटून हातात.